कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव

मला उभं राहायचंच नव्हतं. हे वाक्य मी गेल्या २७ वर्षांत दुसऱ्यांच्या तोंडी इतक्या वेळा छापलंय, की स्वतःच्या तोंडून निघालं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हं मला डोळ्यांनी दिसली. पण खरंच नव्हतं. आमच्या जिल्ह्याच्या पत्रकार संघात मी गेली तीन वर्षं सहचिटणीस होतो. सहचिटणीसाने काय करायचं ते संघाच्या घटनेत कुठेही लिहिलेलं नाही, प्रत्यक्षात ६ जानेवारीला पत्रकार दिनाचा हार, नारळ, बाळशास्त्रींचा फोटो आणि ८० वडापाव वेळेवर आणायचे एवढंच. वडापाव वेळेवर आले तर सरचिटणीस उत्तम संघटक, उशिरा आले तर सहचिटणीस कुठंय?

दरवर्षी प्रमुख पाहुणे सांगतात की १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' निघालं, आणि मग आपली बातमी कोण लावणार आहे ते हळूच विचारतात. ते सांगत नाहीत ते मी सांगतो. 'दर्पण'मध्ये एक कॉलम मराठी आणि एक इंग्रजी असायचा, म्हणजे सगळं काम डबल, आणि ते १८४० मध्ये बंद पडलं. एवढ्या काळात जांभेकरांना कुणी सहचिटणीस व्हा म्हणालं नाही हे त्यांचं भाग्य, नाहीतर दुसरा अंक निघता ना.

तर मुदत संपली, निवडणूक लागली आणि मी घरी जाहीर केलं की आता बास. बायको म्हणाली, "अहो, छान झालं." रात्री नऊला अध्यक्षांचा फोन आला, पॅनल तुमच्याशिवाय होत नाही, वरिष्ठ म्हणून तुम्ही पाहिजेच वगैरे, मी दोनदा नाही म्हटलं (एकदा नाही म्हणणारा खरंच नको म्हणत असतो, दोनदा म्हणणारा भाव खात असतो, हे मीच एका अग्रलेखात लिहिलं होतं) आणि सव्वानऊला हो म्हणून बसलो. बायको म्हणाली, "सोसायटीच्या मीटिंगला जा म्हटलं की तुमचं बीपी वाढतं." मी म्हटलं, कार्यकर्त्यांचा आग्रह आहे. "कुठले कार्यकर्ते?" असं विचारून ती झोपायला गेली. प्रश्न रास्त होता.

११ जागा, १९ उमेदवार. एका पॅनलच्या नावात प्रगती, दुसऱ्याच्या नावात परिवर्तन, आम्ही प्रगतीवाले कारण सत्तेत आम्ही होतो. भांडण मात्र एकाच मुद्द्यावर होतं, यूट्यूब चॅनेलवाल्यांना सभासद करायचं का? जुने म्हणतात ज्याचा पेपर छापून येत नाही तो पत्रकार कसला, नवे म्हणतात तुमचा छापून येतो पण वाचतो कोण, आणि खरं सांगू का, दोघांचंही बरोबर आहे म्हणून तर भांडण मिटत नाही. त्यात शेवटच्या दिवशी १४ नव्या सभासदांची वर्गणी एकाच यूपीआयवरून जमा झाली. मी लगेच ओळखलं. एका पतसंस्थेच्या निवडणुकीत असंच झालं होतं तेव्हा 'रात्रीस खेळ' असा मथळा मीच दिला होता. आता मात्र मथळा देता येईना, कारण चौकशी केली तर ते यूपीआय आमच्याच पॅनलच्या खजिनदाराचं निघालं.

प्रचार म्हणजे काय ते मला उभं राहिल्यावर कळलं. मी डेस्कवरचा माणूस. म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका प्रतिनिधीची बातमी २७ वर्षं मी कापत आलोय, आणि आता तेच सगळे मतदार! हा हिशोब अर्ज भरण्याआधी करायचा होता. पहिल्याच तालुक्यात एसटीतून उतरलो तर आमचे प्रतिनिधी झेरॉक्सच्या दुकानात बसलेले (तेच पेपरचे एजंट, तेच विम्याचे एजंट, जाहिरातीचं बिलही तेच वसूल करतात, उरलेल्या वेळात पत्रकारिता). चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मग खालच्या कप्प्यातून एक फाईल काढली. "२०१९ चा महापूर, साहेब. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून ५०० शब्द पाठवले होते. तुम्ही सिंगल कॉलम लावला." मी म्हटलं, अहो त्या दिवशी पहिल्या पानावर अर्धं पान जाहिरात होती. ते म्हणाले, "पूर माहीत असून जाहिरात घेतली?" यावर आजही माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्या तालुक्यात एकाने बायलाईन (बातमीवरचं त्याचं नाव) काढल्याचं २०११ चं कात्रण दाखवलं. तिसऱ्या तालुक्यात फाईल नव्हती म्हणून मी खूश झालो तर ते म्हणाले, "आमची एकही छापली नाही, कात्रण कुठून आणू?"

मग आश्वासनं. ज्येष्ठांना फक्त सन्मान योजनेचं, म्हणजे सरकार म्हाताऱ्या पत्रकारांना दरमहा देतं त्या पैशांचं बोलायचं असतं. वय ६० पाहिजे, अनुभव ३० वर्षांचा पाहिजे, पूर्वी ११ हजार होते ते २० हजार झाले, हे सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते अनुभवाच्या पुराव्यावर. ज्या साप्ताहिकात उमेदीची वर्षं काढली ते बंद, मालक वारले, अंक वाळवीने खाल्ले, नेमणूकपत्र हा प्रकार तर कुणी बघितलेलाच नाही. मी म्हणायचो, बघू, करू. दुसरे विचारायचे रेल्वेचं काय? मार्च २०२० मध्ये करोनात पत्रकारांची सवलत गेली ती गेलीच. "रेल्वेचं बघतो मी," असं मी मान हलवून म्हणालो, आणि म्हणताना खरंच वाटलं की बघेन, जसं काही रेल्वे बोर्ड माझ्या फोनची वाट बघत बसलंय. आमदार लोक एवढं धडधडीत कसं बोलतात याचं मला आयुष्यभर कोडं होतं. सोपं असतं हो. समोरचा माणूस आशेने बघत असतो, तेवढं पुरतं.

विरोधी पॅनलमध्ये माझ्यासमोर एक यूट्यूबवाला पोरगा होता, वय २६. गोड मुलगा, मला काका म्हणतो. एके सकाळी दारात बूम माईक घेऊन हजर. "काका, तीन वर्षांत पत्रकार भवनातला पंखा दुरुस्त झाला नाही असा आपल्यावर आरोप होतोय, काय सांगाल?" मी लुंगीवर होतो. तोंडात ब्रश. अशा वेळी माणसाने शांतपणे दार लावून घ्यावं, पण मी ब्रश काढला आणि म्हणालो, "विरोधकांच्या पायाखालची वाळू सरकलीय." मग वर, "योग्य वेळी उत्तर देऊ." हे शब्द माझ्या आत कुठं दडून बसले होते कोण जाणे. त्याने पुढे विचारलं, चेंज रिपोर्टचं काय? हे मात्र वर्मी लागलं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बदल अर्ज द्यायचा असतो, तो आम्ही दोन मुदती दिलेलाच नाही, कारण सरचिटणीसाला वाटलं सहचिटणीस देईल आणि सहचिटणीस वडापावच्या मागे. त्यामुळे सरकारदरबारी आमचे अध्यक्ष अजूनही एक असे गृहस्थ आहेत ज्यांनी पत्रकारिता सोडून मंगल कार्यालय काढलंय. दुपारपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. खाली कॉमेंट, 'लुंगी कुठून घेतली?'

या सगळ्यात एकच मत पक्कं होतं, नानांचं. नाना आमच्याकडे ३४ वर्षं मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण खिशात लाल पेन कायम. माझ्या लग्नाची पत्रिका त्यांनी आहेरासोबत दुरुस्त करून परत दिली होती, नऊ चुका, त्यातल्या दोन सासऱ्यांच्या नावात. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "अरे दीक्षित, तुला नाही तर कुणाला देणार? पण जाहीरनाम्यात 'कटीबद्ध' लिहिलंयस. टि ऱ्हस्व." मी पाया पडलो.

आता एक आतली गोष्ट. उमेदवारांची कच्ची यादी मला आधीच बघायला मिळाली होती आणि त्यात माझं आडनाव 'दिक्षित' छापलं होतं. पहिली वेलांटी. मी बघितलं. पण हरकत घेतली तर मतपत्रिका परत छापायच्या, प्रेसवाल्याकडे जाणार कोण तर सहचिटणीस, म्हणजे मीच. म्हटलं जाऊ दे, वेलांटीला कोण बघतंय, मतं माणसाला पडतात. जन्मभर डेस्कवर बसलेला माणूस हे म्हणाला.

मतदान झालं. निवडणूक अधिकारी म्हणून एक निवृत्त नायब तहसीलदार आणले होते, म्हणजे खऱ्या निवडणुका केलेला माणूस, त्याने वडापाव घेऊन आत यायलाही बंदी केली. ८३ जणांनी मतं दिली. बाहेर पडणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून डोळा मारत होता, आणि विरोधी पोराकडे बघूनही, हे मी नंतर त्याच्याच फुटेजमध्ये पाहिलं. मोजणीच्या वेळी पंखा बंद असल्यामुळे एकही मतपत्रिका उडाली नाही, हे मावळत्या कार्यकारिणीचं काम म्हणून इतिवृत्तात घ्या असं मी सुचवलं. कुणी घेतलं नाही.

दहा जागा सहा-चार अशा लागल्या. अकराव्या जागेवर मी ४१, पोरगा ४१. आणि अधिकाऱ्यांच्या हातात एक मतपत्रिका वेगळी ठेवलेली.

"ही बाद," ते म्हणाले. "फुलीशिवाय दुसरी खूण आहे." आणि त्यांनी ती वर धरली. आमच्या पॅनलच्या अकराही नावांपुढे नीट फुल्या, एका मापाच्या. आणि माझ्या नावात 'दि'ची वेलांटी लाल शाईने खोडून, समासात सुबक दुसरी वेलांटी. कुणाचं अक्षर ते विचारायची गरजच नव्हती, खोलीतल्या निम्म्या लोकांच्या बातम्या त्या अक्षराने सुधारलेल्या होत्या.

मागच्या खुर्चीवरून नाना उठले. "बरोबर कुठलं ते सांगा आधी."

"प्रश्न तो नाही, नियम आहे," अधिकारी म्हणाले.

"नियम मलाही आहे. तत्सम शब्द, दी दीर्घच. चुकीच्या नावापुढे फुली मारायची तर तो माणूस कोण? दिक्षित नावाच्या कुणाला मी ओळखत नाही."

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, पण मत बादच राहिलं. मी नानांकडे बघितलं, नाना माझ्याकडे बघत होते, रागाने. "तू यादी बघितली नव्हतीस?" मी म्हटलं, घाईत होतो नाना. २७ वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो आणि ते त्यांना कळलं.

मग चिठ्ठ्या. दोन सारखे कागद, अधिकाऱ्यांनी स्वतः नावं लिहून घड्या घातल्या आणि वडापावच्याच रिकाम्या डब्यात टाकल्या. वॉचमनची नात बोलावली, वय सहा. पोरगा कॅमेरा लावून उभा होता, स्वतःच्याच निवडणुकीचं लाईव्ह करत. "काका, काय सांगाल?" म्हणाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलीने डब्यात हात घातला, बराच वेळ ढवळलं, एक चिठ्ठी काढली आणि बोटाला लागलेली चटणी फ्रॉकला पुसली.

अधिकाऱ्यांनी घडी उलगडून माझं नाव वाचलं.

आमच्या पॅनलने टाळ्या वाजवल्या, कुणीतरी हार आणला (सहचिटणीस उमेदवार असल्यामुळे हाराला उशीर झाला होता), पोराने पुढे येऊन पाया पडून फोटो घेतला. अधिकाऱ्यांनी चिठ्ठी टेबलावर सरळ करून ठेवली, इतिवृत्ताला जोडायची म्हणून, सह्या व्हायच्या होत्या. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत नाना टेबलापाशी आले. चष्मा नाकावर ओढून चिठ्ठी वाचली. मीही वाकून वाचली. पहिली वेलांटी.

नानांचा हात खिशाकडे गेला. आम्ही चौघांनी मिळून तो धरला.