यादी फुकट नसते

‘लैंगिक गुन्हेगारांची सरकारी यादी तयारच आहे, ती सर्वांसाठी खुली करायला एक पैसाही लागत नाही. अमेरिकेत अशा यादीमुळे गुन्हे निम्म्यावर आले. पुढे कॅलिफोर्नियाने कायदा ढिला केला, हजारो नराधम मोकळे सुटले आणि जनतेचे कोट्यवधी डॉलर पाण्यात गेले. तेव्हा आपल्या वसाहतीची यादी आपणच करा.’ या आशयाचा संदेश सध्या इंदूरच्या मराठी घरांतून फिरत आहे. माझ्या वहिनीने तो लोकमान्य नगरातल्या आपल्या मैत्रिणींच्या गटावर टाकला आणि नंतर मला विचारले, ‘भावोजी, हे खरे आहे ना?’ हा प्रश्न पाठवण्यापूर्वी विचारला असता तर बरे झाले असते.

यादी आहे, एवढे खरे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोकडे असलेली ही यादी २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या आणि ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांना पाहता येते. परंतु नोंद असते ती शिक्षेची; शिक्षा भोगून सुटलेला माणूस आज कोणत्या गावी, कोणत्या घरात राहतो हे आपोआप कळत नाही. ते कळण्यासाठी कुणीतरी आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, दारापर्यंत जावा लागतो, पत्ता बदलला तर दुसऱ्या ठाण्याला कळवावे लागते, नाव चुकीचे लागले तर न्यायालयात उत्तर द्यावे लागते. संकेतस्थळ उभारण्याचा खर्च या सगळ्यापुढे किरकोळ आहे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. न्यू जर्सी राज्यात १९९४ पासून अशा गुन्हेगारांची माहिती लोकांना देण्याचा कायदा आहे, आणि त्याचा परिणाम व खर्च दोन्ही तपासणारा संशोधन अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीचा खर्च सुमारे ५ लाख ५५ हजार डॉलर होता. २००७ या एकाच वर्षाचा खर्च जवळजवळ ४० लाख डॉलरवर गेला, आणि तोही संशोधकांना खर्चाची माहिती देणाऱ्या जिल्ह्यांपुरताच. परिणामाबद्दल अहवालाचा निष्कर्ष असा की पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचे प्रमाण किंवा पीडितांची संख्या या कायद्यामुळे घटल्याचे दिसले नाही. ‘निम्म्यावर आले’ हा आकडा संदेशकर्त्याने कुठून आणला, ते त्यालाच ठाऊक.

आता सर्वांत घातक मुद्दा, ‘आपली यादी आपणच करा’. हा संदेश फिरल्यावर दोनच दिवसांत गटावर एका शालेय व्हॅनच्या चालकाचे छायाचित्र आले. कुठल्याशा जुन्या बातमीतील आरोपीशी त्याचे नाव आणि आडनाव जुळले होते. वडिलांचे नाव, वय, गाव पाहण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. पोलीस ठाण्याचे प्रमुख असलेल्या टी.आय. साहेबांनी कागदपत्रे पाहून तो माणूस दुसराच असल्याचे सांगेपर्यंत पाच घरांनी आपली मुले त्याच्या व्हॅनमधून काढून घेतली होती. त्यांतली किती परत आली, हे विचारायला मला लाज वाटली.

शिवाय ही यादी ज्या भीतीवर चालते ती भीतीच चुकीच्या दाराकडे बोट दाखवते. ब्युरोच्याच वार्षिक आकडेवारीनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र. बाप किंवा काका दोषी ठरलेल्या घराचा पत्ता यादीत छापला, तर त्या घरातली मुलगी कोण हे गल्लीला सांगावे लागत नाही. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलींच्या रक्षणासाठी म्हणून काढलेली यादी त्याच मुलीला उघडे पाडते, आणि तक्रार करण्यापूर्वी घरातली माणसे दहा वेळा विचार करू लागतात.

कॅलिफोर्नियाबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कायदा बदलायला पैसा लागतो. १९४७ पासून तिथे अशा गुन्हेगारांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागते आणि ती आजन्म असे. २०१७ च्या कायद्याने, २०२१ पासून, गुन्ह्याच्या गांभीर्याप्रमाणे किमान १० वर्षे, किमान २० वर्षे आणि आजन्म असे तीन वर्ग केले. लाखाच्या आसपास लोकांची वर्गवारी करणे, संगणकप्रणाली बदलणे, अर्ज ऐकणे, हा भार सरकारी वकिलांवर आणि न्यायालयांवर पडलाच. पण ‘मोकळे सुटले’ हे धादांत खोटे आहे. मुदत संपली म्हणून कुणाचे नाव आपोआप गळत नाही. अर्ज करावा लागतो, आणि सरकारी वकील हरकत घेऊन सुनावणी मागू शकतो. जुन्या पद्धतीत वर्षानुवर्षे निर्धोक राहिलेल्या म्हाताऱ्यालाही दरवर्षी वाढदिवसाच्या सुमारास पोलिसांसमोर हजर व्हावे लागे, म्हणजे त्याच्या कागदांवर जाणारा वेळ खऱ्या धोकादायक माणसाच्या वाट्याचा होता. तो खर्च संदेशात कुठेच धरलेला नाही.

कायदा कडक करण्याचा खर्चही धरलेला नाही. अमेरिकेच्या २००६ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणीचे कडक निकष घातले आणि ते न पाळणाऱ्या राज्यांच्या एका पोलीस अनुदानात दहा टक्के कपात ठेवली. तरीही कॅलिफोर्निया आणि टेक्साससह बहुसंख्य राज्यांनी ते निकष पूर्णपणे स्वीकारले नाहीत. अंमलबजावणीचा खर्च गमवाव्या लागणाऱ्या अनुदानापेक्षा कितीतरी जास्त, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

व्हॅनचालकाची खात्री करून घ्यायची असेल तर शाळेला पोलिसांकडून त्याची चारित्र्य पडताळणी करून घेता येते. लहान मुलाबाबत शंका आली तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. वहिनीला मी हेच कळवले आहे, आणि तो संदेश गटावरून काढायलाही सांगितले आहे.