स्टिक भारीतली घेतली की गेम सुधारतो? नाय हो

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत पूल (टेबलावर स्टिकने बॉल पॉकेटात घालायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, "आधी स्टिक, मग खेळाडू", त्याच्याखाली चार-पाच मुद्दे आणि सगळ्यात खाली स्टिक विकणाऱ्याचा नंबर. नंबर बघूनच काय ते कळायला हवं, पण आमच्याकडची शहाणीसुरती माणसं पण त्याला अंगठे देतायत, म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, महागडी स्टिक सरळ मारते. अहो सरळ मारतो तो हात! टिप (स्टिकच्या टोकावरची टिकली) आणि व्हाइट बॉल (ज्याला स्टिक मारायची तो) एकमेकांना चिकटून असतात जेमतेम एक-दोन मिलिसेकंद, त्याच्या आधीच तुमच्या कोपराने काय घोळ घालायचा तो घातलेला असतो. खोटं वाटत असेल तर टेबलाच्या बरोब्बर मधल्या रेषेवर व्हाइट ठेवा, समोरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, सरळ मारा आणि स्टिक तिथेच धरून थांबा, बॉल परत येऊन टिपलाच लागला पाहिजे. नकळत साइड, म्हणजे बाजूची फिरकी, लागली असेल तर कुशनवरून तो डावीकडे नायतर उजवीकडे सटकतो. हे पार्लरच्या स्टिकने करा, मग कोणाची तरी भारीतली मागून घ्या आणि परत करा, बॉल बहुतेक त्याच बाजूला जाईल.

दुसरा, लो डिफ्लेक्शन शाफ्टने (शाफ्ट म्हणजे स्टिकचा पुढचा भाग) स्पिन जास्त लागतो. यात अर्धं खरं आहे आणि त्यावरच सगळं दुकान चाललंय. त्या शाफ्टचं पुढचं टोक हलकं असतं, त्यामुळे साइड मारताना व्हाइट लाईन सोडून कमी सरकतो, निशाणा धरायला सोपं जातं, मान्य. पण स्पिन ठरतो तो टिप मध्यापासून किती लांब लागली आणि किती वेगाने लागली यावर. पूलचा बॉल 57 मिमीचा, मध्यापासून साधारण 14 मिमीच्या पुढे गेलात की टिप घसरून मिसक्यू, मग शाफ्ट कितीचा का असेना. आणि टिप घासून गुळगुळीत झालेली, चॉक लावायचा कंटाळा, तर त्याच्या आतच घसरणार. टिप बदला की आधी!

तिसरा, जड स्टिकने ब्रेक (सुरुवातीला रचलेले बॉल फोडायचा शॉट) चांगला फुटतो म्हणे. पूलच्या स्टिका साधारण 18 ते 21 औंसाच्या, त्यात औंस-दोन औंस वाढवून हात तेवढाच मंदावला तर मिळालं काय? रचलेल्यातला पुढचा बॉल मधोमध लागला नाही तर व्हाइट उडून शेजारच्याच्या वडापावात.

आता "प्रो लोक लाखाच्या स्टिका वापरतात". त्यातल्या कितीतरी जणांना त्या कंपन्याच देतात, चांगले खेळतात म्हणून! स्नूकरमधला स्टीफन हेंड्री बघा, 1990 ते 1999 मधे सात वर्ल्ड टायटल, सगळी एकाच स्वस्तातल्या क्यूने, म्हणजे स्टिकनेच. तो क्यू 2003 मधे विमानप्रवासात तुटला, माणूस हादरला, पण त्याच वर्षी नवीन क्यू घेऊन ब्रिटिश ओपन जिंकला. हादरला तो सवयीची वस्तू गेली म्हणून, किंमतीसाठी नव्हे. सवयीचं मात्र मी मानतो, दर गेमला वेगळी स्टिक उचलणाऱ्याने एक साधीशी स्वतःची घ्यावी, नक्की फरक पडतो.

राहिला कोकणवाला मुद्दा, आपल्या हवेत लाकूड वाकतं म्हणून कार्बन फायबरच पाहिजे. कार्बन दमट हवेने वाकत नाही हे शंभर टक्के खरं, आणि भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेल्या पार्लरच्या स्टिका टेबलावर लोळवून बघा, एकेक कशी डुलत जाते ते. तसली स्टिक हातात असेल तर कोणीही हरेल, तिथे मी वाद घालत नाही. पण जुलैत स्टिकपेक्षा जास्त त्रास देतं ते टेबलावरचं कापड. दमट कापडावर बॉल अडकत चालतो, उन्हाळ्यात जो शॉट सहज पॉकेटपर्यंत जायचा तो तोंडाशी येऊन थांबतो, मोठ्या स्नूकर स्पर्धांमधे यासाठी टेबलाखाली हीटर असतात आणि आपल्याकडे पावसात लाईट टिकली तरी खूप. तिथे जोर किती वाढवायचा हे कार्बनला कळत नाही, ते भर पावसात पार्लरला जाऊन खेळणाऱ्यालाच कळतं, आणि हे मेसेज पाठवणारे निम्मे लोक तर गणपतीपर्यंत तिकडे फिरकत पण नाहीत.