नॅसचा पंखा बदलल्याबद्दल: तुमच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया गेल्या शनिवारी वाचली. त्यातला एक मुद्दा स्वतः तपासून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून आठवडा लागला.

ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या घरी दोन हार्ड डिस्कचा नॅस आहे. घरातले सगळे फोटो, कागदपत्रं, रेकॉर्डिंग एका जागी ठेवणारा, राउटरला जोडलेला डबा. त्याचा पंखा घरघरायला लागला, तो काढून मी कमी आवाजाचा दुसरा बसवला आणि कसा बसवला ते लिहिलं. तुम्ही पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्ती करता. तुमचं म्हणणं असं: पंख्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरला असता, त्यासाठी दीड हजार घालवायचं कारण नव्हतं. कमी वेगाचा पंखा मुंबईच्या उकाड्यात डिस्क भाजून काढेल. लोकांना डबा उघडायला सांगून मी त्यांची वॉरंटी घालवते आहे. आणि शेवटी, ‘मशीन आहे, आवाज करणारच. थोडं सहन करायला शिका.’

आधी तेलाचं बोलू. ते मी करून बघितलं होतं, फक्त लेखात लिहिलं नाही, ती माझी चूक. दिवाळीच्या आधी पंख्यामागचं गोल स्टिकर नखाने उचललं, सिंगरच्या बाटलीतला एक थेंब सोडला, स्टिकर परत चिकटवलं. पंखा एकदम गप्प झाला. तुळशीच्या लग्नापर्यंत पुन्हा घरघर सुरू. तेव्हा मी पाती काढून आतलं बघितलं. बुशवाला पंखा होता, म्हणजे आत गोळ्यांचं बेअरिंग नसतं, एका छोट्या नळीत दांडा फिरतो आणि मध्ये फक्त तेलाचा थर असतो. दांड्याभोवती तपकिरी, डिंकासारखा चिकट थर साचला होता. तो कापसाने पुसून दांडा परत नळीत घातला आणि पातं चिमटीत धरून हलवलं, तर दांडा आजूबाजूला डुगडुगत होता. टेबल फॅनचा बुश गेला की आपण जसं हाताने हलवून बघतो, अगदी तसं. बुश एका बाजूने झिजून लांबट झाला की तेल ती फट काही दिवस भरून काढतं, पण झिजलेलं पितळ काही तेलाने परत येत नाही. सुरुवातीलाच, नुसता कोरडा पडलेला असताना तेल घातलं असतं तर कदाचित वर्ष निघालं असतं. म्हणजे तुमचा उपाय खरा आहे, मी तो उशिरा केला. लेखात आता हे वर घातलं आहे: आधी डुगडुग तपासा, दांडा घट्ट असेल तर तेल, हलत असेल तर नवा पंखा.

पाती काढताना हाताला जे लागलं तेही सांगायला हवं, कारण ते आपल्या शहराचं आहे. मी कन्नमवार नगरात राहते, खोलीला लागूनच स्वयंपाकघर. पंख्यावरची धूळ कोरडी नव्हतीच. फोडणीची वाफ, हवेतला दमटपणा आणि महामार्गाची काळी धूळ मिळून पात्यांच्या कडेला राखाडी मेणासारखा थर बसला होता, फुंकून जाणारा नाही. टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने एकेक पात धुवावी लागली. असा थर सातही पात्यांवर सारखा बसत नाही, मग पंखा तोल सोडून फिरतो आणि बुशला एका बाजूने घासतो. तेव्हा दर सहा महिन्यांनी जाळी आणि पाती साफ करा असं मी आता सगळ्यांना सांगते.

आता उकाडा. इथे तुम्ही मला पकडलंत आणि बरोबर पकडलंत.

मी लिहिलं होतं की नवा पंखा लावल्यावर डिस्कचं तापमान ४९ वरून ४५ वर आलं. तुम्ही विचारलंत, ‘जुना साफ करून मोजलात का?’ नव्हतं मोजलं. घाणीने माखलेल्या पंख्याशी कोऱ्या पंख्याची तुलना केली होती, आणि तिला काही अर्थ नाही. म्हणून या आठवड्यात जुना पंखा धुऊन, तेल घालून परत बसवला. डिस्कना रात्रभर काम मिळावं म्हणून सगळा डेटा वाचून तपासायची जी सोय असते, स्क्रबिंग, ती चालू केली. पंखा पूर्ण वेगावर, खोली ३१ अंश, खिडकी उघडी. दुसऱ्या रात्री तेच सगळं नव्या पंख्यावर. जुना मिनिटाला २,२०० च्या आसपास फेऱ्या घेत होता, नवा १,६००. पहाटे दोन डिस्कांपैकी जास्त गरम असलेली डिस्क जुन्या पंख्यावर ४३ अंशांवर होती, नव्यावर ४६.

तीन अंशांचा फरक. माझ्या डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाची कमाल मर्यादा ६५ अंश दिली आहे, तेव्हा भाजून निघण्यासारखं काही नाही. पण तेवढ्यावर मी विषय मिटवत नाही. गूगलच्या तिघा इंजिनिअरांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मधल्या तापमानात डिस्क थोडी गरम असली म्हणून ती जास्त मरते असं त्यांना दिसलं नाही, उलट फार थंड ठेवलेल्या डिस्कच जास्त गेल्या होत्या. मात्र तीन वर्षांवरच्या डिस्कमध्ये ४५ च्या पुढे बिघाड वाढलेला दिसतो. माझ्या डिस्क सहा वर्षांच्या आहेत. म्हणजे ४६ हा आकडा माझ्यासाठी निश्चिंत राहण्याचा नाही, आणि तुमची काळजी माझ्याच डब्याला लागू पडते. आता स्क्रबिंग मी जानेवारी-फेब्रुवारीत गार रात्री पुरं करते आणि मे महिन्यात टाळते. पंख्याची सेटिंग शांत वरून थंड वर आणली आहे. रोजच्या कामात डिस्क ४२-४३ वर राहतात, आणि तरी हात लावल्याशिवाय पंखा चालू आहे हे कळत नाही.

याच संदर्भात लेखातली आणखी एक ओळ मी काढून टाकली. नव्या पंख्याबरोबर वेग अजून कमी करणारी एक छोटी वायर येते, ती ‘हवी तर लावा’ असं मी लिहिलं होतं. मी लावली तेव्हा रात्री दोनला डबा पिप-पिप ओरडायला लागला. पंख्याची तिसरी वायर दर फेरीला दोन ठोके डब्याकडे पाठवते, त्यावरून डबा वेग मोजतो. ठोके ठरावीक आकड्याच्या खाली गेले की पंखा बंद पडला असं तो धरून चालतो. तेव्हा ती वायर खोक्यातच राहू द्या. आणि कनेक्टर दिसायला सारखा असला तरी काही डब्यांत पिनांचा क्रम वेगळा असतो. जुन्या पंख्याच्या वायरींचा फोटो काढून, काळी कुठे, १२ व्होल्टची कुठे, हे जुळवल्याशिवाय वीज देऊ नका.

वॉरंटीचं दोन ओळींत. माझ्या डब्याची वॉरंटी दोन वर्षांची होती, ती चार वर्षांपूर्वी संपली. हे लेखात पहिल्याच ओळीत असायला हवं होतं, आता आहे. ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी कंपनीकडूनच पंखा बदलून घ्यावा, डिस्क घरी काढून ठेवून.

राहिलं सहन करायचं. तुमच्या बाकी सगळ्या मुद्द्यांवर मी काही ना काही बदललं, या एकावर बदलणार नाही.

तुमच्या दुकानात किंवा ऑफिसात मशीन एका खोलीत असतं आणि माणसं रात्री घरी जातात. आमच्याकडे खोली एकच आहे. डबा टीव्हीच्या शोकेसवर आणि त्याच्यापासून सहा फुटांवर आई झोपते. दिवसा गाड्यांच्या आवाजात घरघर ऐकूही येत नाही, पण रात्री एकनंतर पंखा म्हणजे खोलीतला एकमेव आवाज. तोही सारखा नाही. मध्येच खरखर, मग थांबतो, मग पुन्हा. सारखा आवाज कान विसरतो, असा थांबून थांबून येणारा विसरत नाही.

तिने मला एकदाही तक्रार सांगितली नाही. ती रात्री उठायची आणि भिंतीवरचं बटण बंद करायची. पहाटे दूध तापवताना परत चालू. मला हे दीड महिना माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की रात्री तीनचा बॅकअप होत नाही आणि सकाळी उघडलं की दोन्ही डिस्क पुन्हा एकमेकींशी जुळवून घेत बसलेल्या असतात. वीज अचानक गेल्यावर नॅस तेच करतो. लिहायचं अर्धवट राहिलेलं, डिस्कचं डोकं घाईने बाजूला ओढलं गेलेलं, आणि वर तासन्‌तास जुळणी. असं जवळजवळ रोज. मी केबल बदलली, ॲडाप्टर बदलला, शेवटी एका रात्री पाणी प्यायला उठले आणि तिला बोर्डाजवळ उभी पाहिलं. ‘अगं, झोप येत नव्हती, म्हटलं आता कुणाला लागतंय,’ एवढंच म्हणाली.

त्या डब्यात बाबांच्या भजनी मंडळाच्या ४१ कॅसेटी आहेत, मी एकेक बसून उतरवलेल्या. कॅसेटींच्या फिती आता बुरशीने चिकटल्या आहेत, पुन्हा उतरवता येणार नाहीत. आईला त्या हव्या आहेत, माझ्यापेक्षा जास्त. तरी झोपेसाठी तिने बटण बंद केलं, आणि सत्तर वर्षांचं कुणीही तेच करेल. म्हणून घरातल्या डब्याचा आवाज मी तापमानाइतकाच मोजते. जो डबा घरच्यांना नकोसा होतो तो कुणीतरी बंद करतं, आणि बंद डब्यात बॅकअप होत नाही.

कपाटात ठेवा, असंही तुम्ही सुचवलंत. दार लावलेल्या कपाटात दोन तासांत डिस्क ५४ वर गेल्या होत्या. उकाड्याची काळजी करणाऱ्या तुम्हाला हे आवडणार नाही.

एक विचारायचं राहिलं. लॅमिंग्टन रोडला दोन गोळी-बेअरिंगचा ९२ मिलिमीटरचा पंखा मिळतो आणि तो दहा वर्षं हलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरते आणि स्टेशनजवळच्या दुकानांतच फिरते. तिथे मला ८० आणि १२० चेच दिसले. तुम्ही कुठल्या बाजूच्या दुकानांतून घेता ते कळवा. मिळाला तर आणते, तोही रात्रभर स्क्रबिंगवर चालवते आणि तिन्ही पंख्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिते. आवाज शोकेसवर, आईच्या उशीच्या अंतरावरूनच मोजेन.