मुलगी बापाची नसते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी पंचवटीत आईकडे गेले होते. आई देवघरासमोर पाटावर बसलेली, हातात मोबाईल, चष्मा कपाळावर चढवलेला. मला बघताच म्हणाली, "अगं, आपलं घराणं दादापाशीच थांबलं म्हणायचं." माझ्या भावाला दोन मुली. थोरलीचं लग्न ठरलंय, दिवाळीनंतर साखरपुडा आहे. घरात आनंद असायचा तर आईच्या डोळ्यांत पाणी.

मोबाईल घेतला. चुलत काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज होता, गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र असं सांगणारा. कितीतरी वर्षं हा हिंदीत आणि मराठीत फिरतोय. याआधी दोनदा मी तो न वाचल्यासारखा सोडून दिला, ती माझी चूक झाली. कारण या वेळी तेवढ्यावर भागलं नाही. काकांनी दादाला फोन करून सांगितलं, "दोन्हीकडची गोत्रं वेगळी आहेत ना, मग रक्ताच्या तपासण्या कशाला? मुलाकडच्यांना उगाच शंका." आणि दादा गप्प बसला.

पंचवीस वर्षं मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतेय. माझ्याच घरात हे चालणार असेल तर शिकवून काय उपयोग? म्हणून मुद्द्यांना मुद्दे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळतं आणि पिढ्यान्‌पिढ्या जसंच्या तसं राहतं. म्हणून मुलात बापाचा अंश ९५ टक्के, आईचा ५. मुलीत निम्मा, तिच्या मुलीत पाव, असं करत सात पिढ्यांत एक टक्का; म्हणून मुलीकडून वंश चालत नाही. सगोत्र लग्नात एकच वाय दोन्हीकडून येतं म्हणून मुलं सदोष होतात. गोत्र वेगळं असेल तर रक्तदोषाची भीती नाही. जनुकात बदल म्हणजे कुळाला लागलेला डाग. आणि गर्भवतीनं मंत्र ऐकले की बाळाची बिघडलेली जनुकं दुरुस्त होतात.

यातलं खरं तेवढं आधी देऊन टाकते. वाय बापाकडूनच मुलाला मिळतं, हे खरं. त्या ९५ च्या आकड्यालाही मूळ आहे. वाय गुणसूत्राच्या लांबीपैकी साधारण ९५ टक्के भाग जोडीच्या एक्स गुणसूत्राशी अदलाबदल करत नाही, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. पण तो आकडा एकट्या वायच्या लांबीबद्दल आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तो उचलून अख्ख्या मुलाला चिकटवला.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, वाय त्यातलं एक. त्याचं वाचन पहिल्यांदा पूर्ण झालं ते ऑगस्ट २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. लांबी डीएनएची ६ कोटी २४ लाख ६० हजार अक्षरं, आणि प्रथिनं बनवणारी जनुकं १०६. आपल्याकडे अशी जनुकं एकूण वीस हजारांच्या आसपास आहेत, आता हिशेब तुम्हीच करा. एक्स गुणसूत्राची लांबी साडेपंधरा कोटी अक्षरं आणि जनुकं आठशेच्या वर. मुलाला बापाकडून २२ गुणसूत्रं आणि छोटं वाय मिळतं, आईकडून २२ गुणसूत्रं आणि मोठं एक्स. शिवाय पेशीतल्या मायटोकाँड्रियाची स्वतःची ३७ जनुकं असतात, ती मुलगा असो की मुलगी, आईकडूनच येतात. म्हणजे तोलायचंच म्हटलं तर मुलाचं पारडं किंचित आईकडे झुकतं. ९५ आणि ५ हे कुठल्याच मापानं येत नाही.

निम्मा, पाव, एक टक्का हे गणित मुलीपुरतं लावायचं हीसुद्धा लबाडी आहे. वाय सोडलं तर मुलाच्या मुलाचंही तेच होतं. दर पिढीला निम्मा वाटा गळतो.

बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा उपाध्यायांनी मूळ गाव आणि आडनाव विचारून आमची वही काढली. लांबलचक, लाल कापडात बांधलेली. खापरपणजोबांची मोडीतली सही त्यांनी बोटानं दाखवली आणि दादाला रडू कोसळलं. त्या वहीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या पानावर बापाखाली मुलगा, त्याखाली त्याचा मुलगा, अशी एकच ओळ आहे. दहा पिढ्या मागं गेलं तर प्रत्येकाला त्या पिढीत १०२४ पूर्वजांच्या जागा असतात. वाय त्यातल्या एकाचं. उरलेल्या १०२३ जागांवरच्या कितीतरी माणसांनीही आपल्याला घडवलंय, नाक-डोळे, रक्तगट, उंची दिली आहे. वहीत नाव नाही म्हणून ती आपली कुणीच नव्हेत का?

आता आईला जे लागलं त्याबद्दल. मुलगी बापाची नसते म्हणे.

बापाकडे एक्स एकच असतं. त्यामुळे दोन टोकांची वायशी होणारी किरकोळ देवाणघेवाण सोडली, तर ते तो मुलीला अख्खं, न पिसता देतो. आणि बापाला ते मिळालेलं असतं त्याच्या आईकडून. म्हणजे माझ्या आईनं दादाला दिलेलं एक्स आज तिच्या दोन्ही नातींमध्ये आहे, सबंध. दादाला मुलगा झाला असता तर नेमकं तेच एक्स त्याला मिळालं नसतं. आणि ते नुसतं पडून नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स बहुतांशी बंद ठेवलं जातं, कुठे आईकडचं, कुठे बापाकडचं; जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ मध्ये मांडलं. म्हणजे साधारण निम्म्या पेशींत बापाकडचं, पर्यायानं आजीचं एक्स काम करत असतं.

हे मी आईला वहीच्या पाठकोऱ्या कागदावर रेघा मारून दाखवलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं? पोरींमध्ये?" मी म्हटलं, "तुझंच."

पुरावा हवा असेल तर हिमोफिलिया बघा, रक्त न गोठण्याचा आजार. त्याचं जनुक एक्सवर आहे. बापाला तो असेल तर त्याच्या एकूण एक मुली वाहक, म्हणजे ते बिघडलेलं जनुक बाळगणाऱ्या होतात आणि मुलांना बापाकडून तो मिळत नाही. मुलीच्या मुलात मात्र आजोबांचा आजार पुन्हा दिसू शकतो. मुलगी बापाचं काही नेत नसती तर हे झालं असतं का?

जनुकातल्या बदलाला डाग म्हणणाऱ्यांनी दादाच्या दिंडोरीच्या बागेत यावं. द्राक्षं मुळात काळी. रंगाच्या शेजारशेजारच्या दोन जनुकांत बदल झाला म्हणून आपण खातो ती हिरवी द्राक्षं आली. एखाद्या वेलीच्या एकाच काडीला वेगळे मणी लागतात, शेतकरी ती काडी हेरून तिची कलमं करतो. तासगावची तास-ए-गणेश अशीच थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली आहे. माणसातही दर बाळागणिक साठ-सत्तर नवे बदल होतात, बहुतेक बापाकडून येणारे, आणि बापाचं वय वाढेल तसे वाढणारे. बहुतेकांनी काही बिघडत नाही. वायसुद्धा यातून सुटलेलं नाही. ते जसंच्या तसं राहिलं असतं तर पुरुषांच्या वंशशाखा वायवरून वेगळ्या ओळखताच आल्या नसत्या.

मंत्रांनी जनुकं दुरुस्त होत नाहीत. कुणाला ऐकून शांत वाटत असेल तर जरूर ऐकावेत. गर्भारपणातल्या परिस्थितीनं जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कुठलं जनुक किती चालतं ते बदलतं, एवढं मान्य. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या डीएनएवरच्या खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या सापडल्या. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आईच्या ब-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांचा मुलांच्या पुढच्या मधुमेहाच्या धोक्याशी संबंध तिथं दिसला. सांगायचंच असेल तर गरोदर सुनेच्या ताटात काय वाढता ते सांगा.

आता ज्यासाठी बसले ते. गोत्र वेगळं, म्हणून तपासणी नको.

सगोत्र लग्नात एकच वाय दोन्हीकडून येतं, असं मेसेज म्हणतो. नवरीकडे वाय नसतंच! दोन्हीकडून येणार कसं? हे एक वाक्य कुणी स्वतःशी पुन्हा वाचलं असतं तरी मेसेज तिथंच थांबला असता. शिवाय दत्तक मुलाला दत्तक घराचं गोत्र मिळतं, लग्नानंतर बाईचं गोत्र बदललं असं आपण मानतो. विधीनं गोत्र बदलतं, गुणसूत्र बदलत नाही.

जवळच्या रक्तात लग्न नको, हा जुना नियम शहाणपणाचा आहे, ते नाकारणार नाही. पण तो सपिंडाचा, म्हणजे आईबापांकडच्या ठरावीक पिढ्यांतल्या रक्तनात्याचा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंड आणि ठरावीक जवळच्या नात्यांनाच मनाई आहे, सगोत्राला नाही. आणि गोत्राची चाळणी कुठे फसते ते बघा. मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे आहे. तिचं गोत्र वेगळं, मेसेजच्या हिशेबानं काही धोकाच नाही. प्रत्यक्षात आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. उलट तीस पिढ्यांपूर्वी कधीतरी एक पूर्वज असलेल्या, पार विदर्भातल्या सगोत्र मुलाशी ती जवळीक नगण्य.

थॅलेसेमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. त्याचं बीटा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. वायशी त्याचा काहीएक संबंध नाही. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात त्या सिकलसेलचंही तेच जनुक, त्यात एक अक्षर बदललेलं. त्याच सिकलसेलसाठी देशाच्या आदिवासी भागांत १ जुलै २०२३ पासून मोहीम सुरू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर लग्नाआधी रक्त तपासा म्हणून आशाताई दारोदार सांगतात, आणि शहरातले आम्ही शिकलेले लोक गोत्र विचारून मोकळे होतो.

आमच्या घरची गोष्ट सांगते, भाचीची, म्हणजे दादाच्या थोरलीची परवानगी घेऊन. कॉलेजात असताना ती सारखी दमायची. हिमोग्लोबिन १०.२. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सात महिने खाल्ल्या, आकडा हलला नाही. मी रिपोर्ट मागवला तर लाल पेशींचा सरासरी आकार ६३, खूपच लहान. म्हटलं, हे नुसतं लोह नव्हे, एचपीएलसी करा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी. त्यातला एचबीए-टू हा प्रकार ५.४ टक्के आला. साडेतीनच्या वर गेला की थॅलेसेमियाची वाहक असल्याची शंका घेतात. मग दादाची तपासणी केली, ५.१. वहिनीची अगदी सरळ. शेवटी आईची केली, तीही वाहक. चाळीस वर्षं आई 'रक्त कमी' म्हणून टॉनिकं पीत आली होती, आणि तिला कुणी ही एक तपासणी सांगितली नव्हती.

आजीकडून बापाला, बापाकडून लेकीला. जी मुलगी बापाची नसते म्हणता, तिच्या अकराव्या गुणसूत्रावर बापाचंच जनुक आहे, कागदावर छापून आलेलं.

वाहक असणं हा आजार नाही. भाची धडधाकट आहे, सप्तशृंगीच्या पायऱ्या माझ्याआधी चढते. प्रश्न फक्त नवरा मुलगाही वाहक आहे का, एवढाच. नसेल तर थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे या आजाराच्या गंभीर रूपाची काळजी नाही. फार तर मुलं तिच्यासारखीच वाहक होतील. असेल तर प्रत्येक गर्भारपणात चारातली एक शक्यता अशी की बाळाला दोन्हीकडचं बिघडलेलं जनुक मिळेल. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर, आणि त्या रक्तातून हृदयात, यकृतात साठणारं लोह काढायला रोजची औषधं. दोघंही वाहक निघाले म्हणजे लग्न मोडलं असंही नाही. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून बाळाचं कळतं. पण तपासायचं हे ठाऊक तर असायला हवं! काकांच्या त्या एका फोननं हे दार बंद होत होतं.

काका, तुम्ही बाबांच्या जागी आहात. भाचीला तुम्ही अंगाखांद्यावर खेळवलंय. तिच्यावर तुमची माया आहे यात मला शंका नाही, म्हणूनच ग्रुपवर तुम्हाला उद्देशून हे टाकतेय. तो मेसेज काढा, आणि पुढे ज्यांना पाठवला त्यांनाही कळवा. आपल्या गावाकडच्या दोन घरांत याच महिन्यात लग्नं ठरली आहेत.

मुलाकडे मीच फोन केला. पलीकडून मुलाची आईच बोलली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, उपाशीपोटी यायचं का?" मी म्हटलं, "नाही हो, जेवून आलात तरी चालेल." शनिवारी सकाळी दहाला तो रक्त देतोय. भाचीही बरोबर जाणार आहे, आणि आई म्हणतेय मीही येते.