नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या ‘मोकळ्या’ होत नाहीत

नारळी पौर्णिमा जवळ आली की एक मेसेज फिरायला लागतो: जून-जुलैची मासेमारी बंदी तिसऱ्यांच्या (खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) विणीसाठीही असते, तिसऱ्या रेतीत अंडी घालतात, आत पांढरी गाभोळी दिसली तर ती मादी, आणि ऑगस्टपासून हव्या तेवढ्या काढा. चारही विधानं चूक आहेत, आणि शेवटचं सगळ्यात महागात पडणारं.

‘बंदी तिसऱ्यांसाठीही’. १ जून ते ३१ जुलै ही बंदी समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौकांसाठी आहे. ओहोटीला खाडीत उतरून हाताने तिसऱ्या काढणाऱ्याला ती लागू नाही. वेळही जुळत नाही. आपल्याकडे पाण्याचं तापमान वर्षभरात फारसं हलत नाही, हलतो तो खारेपणा. धो धो पावसात नदीचं गोडं पाणी आलं की तिसरी शिंपला घट्ट मिटते. मिटली की पाणी गाळणं बंद, म्हणजे खाणंही बंद. उपाशी जीव वीण कशाच्या जोरावर काढणार? पाऊस ओसरतो, ऊन पडतं, नद्यांनी आणलेल्या खतावर पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढतं, तेव्हा कुठे ती भरायला लागते. केरळच्या अष्टमुडी सरोवरात पाफिया मलबारिका या तिसरीचा विणीचा भर डिसेंबर ते फेब्रुवारी असतो.

सगळ्याच शिंपल्यांना हे वेळापत्रक लागू नाही, हेही सांगायला हवं. केरळातल्याच वेंबनाड सरोवरातली काळी शिंपली वर्षातून दोनदा विते, एकदा जानेवारी-मार्चच्या सुमारास आणि एकदा मे ते ऑगस्टमध्ये. ती जवळजवळ गोड्या पाण्यात तगते, पण विण्यासाठी तिलाही मचूळ पाणी लागतं.

‘रेतीत अंडी’. नर आणि मादी आपापलं बीज थेट पाण्यात सोडतात आणि फलन तिथेच होतं. एकाने सोडलं की त्या पाण्याच्या संपर्काने शेजारचेही सोडतात. बीजोत्पादन केंद्रात पाणी काही अंश गरम करून हेच घडवून आणतात. साधारण दिवसाभरात इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी अळी तयार होते, दोनेक आठवडे भरती-ओहोटीबरोबर तरंगते, पाय फुटला की तळाशी बसते. रेतीत सापडतात ती पिल्लं, अंडी नव्हेत.

‘पांढरी म्हणजे मादी’. उकडलेली तिसरी उभी चिरून पाहा. बिजागरीजवळचा हिरवट-तपकिरी भाग ही पाचक ग्रंथी. तिच्याभोवतून पायाकडे उतरलेला दुधाळ, गुबगुबीत भाग म्हणजे जननग्रंथी. ती नरातही असते आणि नुसत्या डोळ्यांना तशीच दिसते. भेद कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. वीण होऊन गेली की तोच भाग चोपलेला, पाणचट होतो, आतडं आरपार दिसतं. बाजारात ‘या वेळी गर नाही’ म्हणतात ती बहुतेकदा हीच.

‘ऑगस्टपासून हव्या तेवढ्या’. गर भरतो तो विणीच्या आधी, म्हणजे चव उत्तम तेव्हाच उपसा जास्त. अष्टमुडीत परदेशी मागणीमुळे १९९१ मध्ये उत्पादन वर्षाला १०,००० टनांवर गेलं आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आलं. त्यानंतर तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद ठेवायला सुरुवात झाली, जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकाला, किमान ३० मिमीची अट आली. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या शाश्वत मासेमारीची पारख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

अष्टमुडीतली ही तिसरी साधारण २० मिमीला वयात येते, म्हणजे हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी. त्याहून लहान निघाली तर जिथून काढली तिथेच, ओहोटीच्या रेषेखालच्या ओल्या रेतीवर पसरून सोडा, ती स्वतः आत शिरते. किनाऱ्यावर ढीग करून टाकलेली उन्हात मरते. आणि वीण उरकल्यावरच्या महिन्यांत खाडीत वाळू उपसणारा सक्शन पंप लागला, तर नुकती बसलेली, मिलिमीटरभराची पिल्लं वाळूबरोबर ट्रकात जातात.