सातबाऱ्यावरची आमदारकी

१ जुलैला आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच फोटो येतो. महाराष्ट्राचे एकेकाळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, हातात पाइप, खाली कृषी दिनाच्या शुभेच्छा. यंदा त्याखाली माझ्या पुतण्यानं लिहिलं, "पुसदची आमदारकी यायच्या सातबाऱ्यावर चढवून ठेवली का बाप्पा?" मग काय, दुपारपर्यंत फोन गरम. कुणी घराणेशाही काढली, कुणी जात काढली (ती निघतेच), आणि शेवटी आमच्या धाकट्या काकांनी नेम धरला: "तुह्या आज्याचा फेरफार कोनाच्या चिठ्ठीनं झाला, इचार तुह्या बापाले."

त्यानंतर ग्रुप शांत. मी सिंगापुरात जेवणाच्या सुटीत हे वाचत होतो. मीही काही लिहिलं नाही.

पुतण्याचा हिशेब चुकीचा नाही. १९५२ ते १९७७ वसंतराव, १९७८ पासून पुतणे सुधाकरराव, मग मनोहरराव, २०१९ पासून इंद्रनील. विशीतल्या पोराला हे सातबाऱ्यासारखं दिसलं तर त्याला दोष कसा द्यायचा? पण मी ज्या शहरात राहतो तिथं देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू १९५५ साली तांजोंग पगारमधून निवडून आले आणि २०१५ मध्ये वारले तेव्हाही तिथलेच खासदार होते. साठ वर्षं, एकच मतदारसंघ. मुलगा १९८४ पासून खासदार, पुढे वीस वर्षं पंतप्रधान. ग्रुपवर मात्र 'सिंगापूरसारखं व्हायला पाहिजे' हे वाक्य महिन्यातून दोनदा पडतं, आणि ते टाकणारे बहुतेक घराणेशाहीवर चिडलेलेच असतात.

नाईकसाहेब याच शहरात गेले, १८ ऑगस्ट १९७९ ला. मी इथं नोकरीला निघालो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बाबांनी सांगितलं, तेही काळजीनं: "नाईकसाहेब तिकडंच गेले होते. जपून राह्यजो."

त्यांची पंचवीस वर्षं नीट पाहिली तर एक गंमत दिसते. पुसद सोडलं नाही आणि तीन राज्यांच्या विधानसभांत बसले. आधी जुना मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई, मग महाराष्ट्र. माणूस तिथंच, राज्यच बदलत गेलं. १९६० साली महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. मुख्यमंत्रिपद, १९६३ ते १९७५, त्यानंतरचं. लोकांना तेच आठवतं. मला ती समिती मोठी वाटते. गावातल्या शाळेच्या छपरासाठी मुंबईला खेटे घालायचे नाहीत, हे एका आमदारानं कागदावर आणलं. म्हणजे स्वतःच्या दारातली गर्दी त्यानं स्वतःच कमी करायला घेतली.

गर्दीवरून आठवलं. इथले खासदार आठवड्यातून एका संध्याकाळी लोकांना भेटतात. आईला माझ्याकडे जास्त दिवस राहता यावं म्हणून केलेला अर्ज नामंजूर झाला तेव्हा मीही गेलो. इमारतीखाली बालवाडी, तिथल्या बुटक्या खुर्च्या, हातात नंबराचं चिठोरं. माझ्या पुढे एक म्हातारी, तिच्या मुलाचा पार्किंगचा दंड. मागे एक टॅक्सीवाला, घराचं भाडं थकलेलं. एका स्वयंसेवक पोरीनं लॅपटॉपवर माझं म्हणणं टाइप केलं, खासदारांनी दोन मिनिटं ऐकलं, सही केली. मी ना नागरिक, ना मतदार; तरी चहा विचारला. सगळं पुसदच्या वाड्यावरच्या सकाळसारखं, फक्त पंखे जास्त आणि आवाज कमी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नामंजूर. पत्राची दखल घेतली, नियम असा आहे, क्षमस्व.

मला प्रचंड राग आला होता. खासदाराच्या सहीला कारकून हिंग लावून विचारत नाही, हा काय देश आहे?

आणि बाबांचा फेरफार? आजोबा गेल्यावर वारसनोंदीचा अर्ज एका कार्यालयात दोन वर्षं पडून होता. आज साहेब नाहीत, उद्या रजिस्टर नाही, परवा बाजारचा दिवस. बाबा कापूस वेचायचा सोडून एसटीनं जायचे, उसाचा रस पिऊन परत यायचे. शेवटी कुणीतरी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याकडे नेलं. त्यानं अर्ध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या: 'अर्जदार आपले आहेत. काम पाहावे.' चार दिवसांत फेरफार मंजूर. त्या दिवशी घरी पुरणाचा स्वयंपाक झाला होता, आणि पुढच्या तीन निवडणुका आमच्या घरची मतं कुठं पडली हे सांगायची गरज नाही.

सिंगापूरच्या पत्राचा मला राग आला आणि या चिठ्ठीवर आम्ही पुरण खाल्लं. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. जे काम दोन वर्षं अडलं आणि दोन ओळींनी सुटलं, ते मुळात अडलेलंच नव्हतं, अडवलेलं होतं.

म्हणून १९७२ च्या दुष्काळाची बाबांची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तेव्हा ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. मुकादमानं मस्टरवर नाव घातलं, आठवड्यानं चुकारा, पोरांसाठी सुकडी. ही रोजगार हमी. कल्पना वि. स. पाग्यांची, ती राबवायला घेतली नाईकांच्या सरकारनं, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये दिल्लीनं तसाच कायदा देशासाठी केला. मस्टरवर खोटी नावं चढली, हेही खरंच. आमच्या गावात मेलेले लोकसुद्धा खडी फोडत. पण काम मागायला 'आपले आहेत' असं कुणी लिहून द्यावं लागत नव्हतं. अंगठा पुरत होता.

पुतण्याला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "काका, थे ठीक आहे. पन कापसाचं काय?" इथं माझ्याकडे उत्तर तोकडं पडतं. अकरा वर्षं मुख्यमंत्री विदर्भाचा आणि तरी सिंचनाचा अनुशेष विदर्भाचाच. संकरित ज्वारीनं कणग्या भरल्या, त्याचं श्रेय त्यांना देतोच. पण १९ मार्च १९८६ ला शेजारच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीव दिला, आणि त्यानंतर आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी घेतलं जातं हे इथल्या मराठी मंडळातही मला ऐकावं लागतं. शेतकरी आत्महत्या थांबवायला सरकारनं जे मिशन काढलं, त्यालाही नाव वसंतराव नाईकांचंच. त्यांच्यानंतरच्या इतक्या वर्षांचा जाब त्यांच्या फोटोला विचारायचा का, हा वाद आहेच. निदान त्यांच्यामागून निवडून आलेल्यांना तरी विचारावा, आणि कुणाच्या लग्नात किती वेळ बसले यावरून नाही. विधानसभेत काय मांडलं, त्यातला कोणता कागद कायदा झाला, यावरून.

फोन ठेवता ठेवता मी पुतण्याला म्हटलं, ती जुनी चिठ्ठी सापडली तर फोटो पाठव. रात्री आला. सातबाऱ्याच्या फाइलमध्येच होती, दादानं लॅमिनेट करून ठेवलेली. "पुन्हा कामी पडंल म्हनून," असं तो म्हणाला म्हणे. मी फोटो मोठा करून पाहिला. वर छापलेलं होतं 'सभापती', आणि त्याच्या आधी, निळ्या पेनानं, बारीक अक्षरात: 'माजी'.