सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याकडे बघू नये

अभिनंदन. नोकरीला लागताना एक्स-रे काढायचे एवढंच तुम्ही कबूल केलं होतं. आता दर पोस्टिंगला पाच-सहा रेडिओग्राफीचे विद्यार्थी तुमच्या गळ्यात पडणार आणि शेवटच्या दिवशी एकेक जण लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, उघडून, पेनाचं टोपण काढून सहीसाठी तुमच्यासमोर उभा राहणार. घाबरू नका. या कामाला कौशल्य लागत नाही. निदान तुमचं तरी नाही.

एवढं पाळा, की विद्यार्थी पेशंटला उभं करत असताना त्या खोलीत थांबायचं नाही. थांबलात तर दिसतं, आणि दिसलं की लिहावं लागतं. जॉर्ज मिलर नावाच्या वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली एक पिरॅमिड मांडून ठेवलाय. तळाशी माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्यावर करून दाखवणं, आणि टोकाला रोजच्या कामात खरोखर करणं. विद्यार्थ्यांना तुमच्याकडे पाठवतात ते या टोकासाठी. पण चढायचा त्रास कशाला? तळाशी खुर्ची टाकून बसा आणि विचारा, "छातीच्या पीएला अंतर किती?" पीए म्हणजे किरण पाठीकडून सोडून काढलेला एक्स-रे, आणि अंतर एक्स-रे नळीपासून चित्र टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंतचं. तो म्हणेल, "१८० सेंटिमीटर." म्हणा, "शाब्बास," आणि खूण करा. "का?" विचारू नका. हृदय उगाच मोठं दिसू नये म्हणून, हे त्याला सांगता आलं नाही तर ते तुम्हाला समजावत बसावं लागेल, आणि बाहेर रांग असते.

काम बघायचं नाही तर बघायचं काय? तयार चित्र. शितावरून भाताची परीक्षा! एक उदाहरण देतो. विद्यार्थ्याने बाहेर जाऊन नुसतं आडनाव पुकारलं. त्या आडनावाचे दोघे बसले होते; त्यातले एक आजोबा, ऐकायला जरा कमी येणारे, उठून आत आले. जन्मतारीख विचारली नाही. आजोबा डिटेक्टरला छाती लावून उभे राहिले. खांदे पुढे घ्यायला सांगायचं राहिलं, त्यामुळे ते स्वतःहून जसे उभे राहिले तसेच. कोलिमेटरचा, म्हणजे किरणांच्या झोताची हद्द आखणाऱ्या खिडकीचा, उजेड हनुवटीपासून ओटीपोटापर्यंत सताड उघडा. डावी-उजवी बाजू दाखवणारा शिशाचा मार्कर खिशातच. "श्वास घ्या, रोखा" हे वाक्य आणि बटण एकाच वेळी. मग कन्सोलवर बसून विद्यार्थ्याने माउसने चारही कडा नीट कापल्या आणि उजवी बाजू दाखवणारं अक्षर संगणकातून टाकलं. चित्र बघाल तर कोलिमेशन अगदी पुस्तकातलं! पोटाला मिळालेलं रेडिएशन काही कापता येत नाही, पण ते चित्रात दिसतही नाही. लिहा: 'कोलिमेशन उत्तम'. ते आजोबा योग्य आजोबा होते की नाही, हेही चित्रात दिसत नाही.

हे अक्षर नंतर टाकण्याचं प्रकरण फार सोयीचं आहे बरं का. हृदय उजवीकडे असणारी माणसं असतात, थोडी असतात, पण असतात. अशा माणसाचं चित्र बघून विद्यार्थ्याला वाटतं, उलटं आलं. तो ते आरशासारखं फिरवतो आणि अक्षर सुलट करतो. पेशंट नॉर्मल होऊन घरी जातो. एवढ्या झटपट तर शस्त्रक्रियाही होत नाही.

एक्सपोजरचं, म्हणजे किरण किती सोडले त्याचं, तर बघूच नका. कमी पडलं तर चित्रावर दाणे दिसतात आणि रेडिओलॉजिस्ट ओरडतात. जास्त झालं तर चित्र लोण्यासारखं मऊ येतं आणि सगळे खूश. चार दिवसांत कुठल्याही हुशार मुलाला कळतं की थोडं वाढवून दिलेलं बरं. मग ते 'थोडं' दर पोस्टिंगला आणखी थोडं वर सरकतं. कोपऱ्यात डेव्हिएशन इंडेक्स नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे ठरल्याइतकंच, +३ म्हणजे जवळपास दुप्पट. तो आकडा बारीक टायपात असतो, म्हणजे वाचायचा नसणारच.

रिजेक्टच्या यादीचंही तसंच. तिथे प्रत्येक वाया गेलेल्या चित्राचं कारण निवडावं लागतं, आणि आपल्या विभागात कारण एकच: 'पेशंट हलला'. गुडघ्याच्या लॅटरलमध्ये, म्हणजे बाजूने काढलेल्या चित्रात, मांडीच्या हाडाच्या टोकाचे दोन गोल उंचवटे, कॉन्डाइल, एकमेकांवर बसले नाहीत, पेशंट हलला. भलत्याच हाताचा एक्स-रे काढला, तरी पेशंटच हलला.

आता गुण. पाचापैकी सगळ्यांना चार द्या. पाच दिले तर कोणी कारण विचारेल, तीन दिले तर विद्यार्थी विचारेल. फारच आवडता असेल तर पाच. आवडता कोण, हे तुम्हाला ठाऊक आहेच: जो व्हीलचेअर आणतो, कॅसेट पुसतो, 'सर, तुम्ही बसा' म्हणतो. त्याला रेडिएशन सुरक्षेतही पाच द्या. एका गुणाचा उजेड बाकी सगळ्या रकान्यांवर पडतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलंय. इतकी जुनी परंपरा आपण का मोडावी? ती दुसरी मुलगी मात्र जपून हाताळा. प्रत्येक बाईला शेवटची पाळी कधी आली ते पडद्याआड नेऊन हळू आवाजात विचारते. मनगटाखाली स्पंज सरकवते, मागे जाऊन बघते, पुन्हा सरकवते. तिचे रिपीट, म्हणजे पुन्हा काढावे लागणारे एक्स-रे, जवळपास नसतात, पण तेवढ्या वेळात तो आवडता चार पेशंट संपवतो. तिला तीन. शेरा: 'गती वाढवावी'.

माझ्या स्वतःच्या लॉगबुकात कोपराच्या लॅटरलला पाचापैकी पाच आहेत, आणि प्रत्येक पानावर 'मेहनती आहे'. खांदा आणि कोपर एका पातळीवर आणायचे असतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका रेडिओलॉजिस्टने फोनवर सांगितलं. शब्द इथे देत नाही.

नापास कोणाला करू नका. नापास करायचं तर तारखा, पुरावे, कॉलेजला पत्र, मग बैठक, एवढं सव्यापसव्य. पास करायला एक सही. अगदीच वाटलं, की या मुलाच्या हाती रात्रपाळीत मशीन देणं बरं नाही, तर मनाशी म्हणा, पुढच्या पोस्टिंगवाले बघून घेतील. तेही हेच म्हणतात. मागील पानावरून पुढे चालू.

शेऱ्याच्या जागी 'छान. असंच चालू ठेवा.' एवढं पुरतं. काय चालू ठेवायचं ते त्याचं त्याला माहीत.

राहिल्या तारखा. शेवटच्या दिवशी तीस सह्या एकदम कराव्या लागतात, तेव्हा एकाच शाईने करू नका, दोन-तीन पेनं खिशात ठेवा. मागच्या तारखा टाकताना समोर कॅलेंडर धरा. मी धरलं नव्हतं. सहा विद्यार्थ्यांचं काम 'प्रत्यक्ष पाहिले' म्हणून मी ज्या आठवड्यात सही केली, त्या आठवड्यात मी रजेवर होतो. कोणी विचारलं नाही.